प्रेमकथा तालुक्यातली, पडदा शहरातला

आमच्या तालुक्याच्या गावातले एकमेव चित्रपटगृह बंद पडून आता पंधराएक वर्षे झाली. इमारत पाडली नाही. खुर्च्या उचलून आणि जमिनीचा उतार भरून घेऊन तिचे मंगल कार्यालय केले. गेल्या उन्हाळ्यात तिथे एका लग्नाला गेलो, तेव्हा आहेराची वही घेऊन बसलेला माणूस जुन्या तिकीटखिडकीच्या आत बसला होता आणि पाहुणे त्याच अर्धगोल भोकातून पाकिटे आत सरकवत होते. ज्या सभागृहात गावातल्या दोन पिढ्यांनी घरातून पळणाऱ्या नायक-नायिकेसाठी शिट्ट्या मारल्या, तिथे आता पाहण्याचा कार्यक्रम, बैठक आणि याद्या होऊन रीतसर ठरलेली लग्ने लागतात. मालकाला दोष देण्याचे कारण नाही. जे परवडले ते त्याने केले. नवरा मुलगा चाकणच्या कंपनीत होता आणि नवरी बीएस्सी होऊन दोन वर्षे घरी होती. सत्यनारायण उरकला की तीही चाकणला जाणार होती. तालुक्याच्या गावातून तरुण माणसे बाहेर पडतात ती बहुधा अशी, एक नोकरीच्या मागे आणि दुसरी नवऱ्याच्या मागे.

या बाहेर पडण्यावर थोडक्या पैशांतले, हलकेफुलके प्रेमपट मराठीत अधूनमधून निघतात. दोन-चार मित्र, एक बसस्थानक, एक भाड्याची खोली, एक न सांगितलेले प्रेम आणि शेवटी कोण जाणार व कोण मागे राहणार हा प्रश्न, एवढ्या भांडवलावर हा प्रकार उभा राहतो. त्याच्याविषयी लिहिताना समीक्षक 'साधा', 'गोड', 'एकदा पाहायला हरकत नाही' अशा शब्दांवर थांबतात, तर चित्रपटसृष्टीतली मंडळी अनुदान आणि पडदे यांच्या तक्रारीकडे वळतात. चित्रपट गोडच का राहतो आणि त्याला पडदा का मिळत नाही, हे प्रश्न सहसा वेगवेगळे धरले जातात. माझ्या मते त्यांचे उत्तर एक आहे. ज्या गावातून ही पोरे निघतात त्या गावात पडदाच उरलेला नसल्यामुळे त्यांची गोष्ट निघून गेलेल्यांना, म्हणजे शहराला, सांगितली जाते. आणि शहराला सांगायची म्हटली की गाव एकतर पारिजातकाचा सडा होते, नाहीतर कोयत्याचे पाते. म्हणून सरकारला अशा चित्रपटांसाठी काही करायचेच असेल, तर निर्मात्याच्या खात्यात भर घालण्याआधी तालुक्याच्या ठिकाणी शे-दीडशे खुर्च्या मांडाव्यात.

गाव सोडणे ही गोष्ट आपल्याकडे मुलांसाठी एक आणि मुलींसाठी दुसरी आहे. २०२०-२१ च्या केंद्रीय श्रमशक्ती सर्वेक्षणात स्थलांतराची कारणे विचारली गेली, तेव्हा देशभरातल्या स्थलांतरित स्त्रियांपैकी ८६.८ टक्के स्त्रियांचे कारण लग्न हे निघाले. प्रेमपटात ज्याला आपण शेवट समजतो तो मंगलाष्टकांचा क्षण बहुसंख्य मुलींच्या आयुष्यात गाव सुटण्याचा क्षण असतो, आणि कुठे जायचे हे तिने ठरवलेले नसते. मुलगा एमपीएससीसाठी पुण्याला जातो. सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत कॉट बेसिसवर राहतो, अभ्यासिकेत जागा घेतो, मेसवाल्या काकूंशी महिन्याच्या खाड्यांवरून, म्हणजे न जेवलेल्या दिवसांच्या हिशोबावरून, हुज्जत घालतो, आणि 'या वर्षी पोस्ट निघतेच' असे घरी सांगता सांगता तिशीला टेकतो. त्याला आईच्या हातची भाकरी हवी असेल तर डबा एसटीने येतो. डब्याच्या पिशवीवर त्याचे नाव आणि मोबाइल नंबर मार्करने लिहिलेला असतो आणि गाडी उशिरा आली की तो बसस्थानकावर पुस्तक उघडून उभा असतो. ज्या मुलीचे त्याच्यावर मन असते तिला घरचे लोक स्थळे दाखवत असतात, आणि निकाल व मुहूर्त यांच्यात आधी काय लागते यावर दोघांचे सगळे अवलंबून असते. आयोगाने परीक्षा पुढे ढकलली की इकडे एक प्रेमकथा मोडते, हे आयोगाच्या गावीही नसते.

जो जात नाही त्याची तऱ्हा आणखी वेगळी. शेती करणाऱ्याला मुलगी मिळत नाही, ही ग्रामीण महाराष्ट्रातल्या घराघरांतली तक्रार आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला आणि गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्याची कडक अंमलबजावणी करण्याची मागणी केली. नवरदेव घोड्यावर आणि नवरी निवेदनात, असे ते दृश्य होते. बातमी गमतीची म्हणून फिरली आणि गमतीची ती होतीच. पण त्या गमतीत मुलींची घटलेली संख्या, पडलेले शेतमालाचे भाव आणि मुलीच्या बापाने 'नोकरदारच हवा' म्हणून धरलेला हट्ट हे सगळे एकाच वरातीतून चालले होते. ते सांगायला गंभीर चित्रपटाला तीन उपकथानके लागतील. विनोदी चित्रपटाला एक घोडा पुरतो.

या विषयाला हसणे शोभत नाही, असे मानणारा मोठा वर्ग आहे आणि त्याच्या हाती 'सैराट' हा भक्कम पुरावा आहे. २०१६ साली आलेल्या त्या चित्रपटात करमाळ्याच्या परिसरातला पूर्वार्ध खोडकर आहे. विहीर, क्रिकेटचे सामने, मित्रांची मध्यस्थी यांनी तो भरलेला आहे. गाव सुटले की हसू आटत जाते, हैदराबादेत संसार जेमतेम उभा राहतो आणि शेवट सगळ्यांना माहीत आहे. त्या शेवटाला मी अतिरंजित म्हणणार नाही. जातीबाहेर प्रेम केले म्हणून पोटची मुले मारणारी माणसे आपल्यातच आहेत, आणि त्या चित्रपटाने हे लोकांच्या नजरेला नजर भिडवून सांगितले. अडचण त्याच्यानंतरची आहे. गाव सोडून केलेल्या प्रेमाचा शेवट एकच, असे समीकरण आपल्या डोक्यात बसले. पळून गेलेली सगळी जोडपी मरत नाहीत. पुष्कळ जोडपी भांडतात, घरभाडे थकवतात, गॅसचे कनेक्शन कोणाच्या नावावर घ्यायचे यावर अडतात. वर्ष-दीड वर्षाने आईचा चोरून फोन येतो, आणि नातू झाला की ज्या बापाने 'आमच्यासाठी मेली' म्हणून सांगितले होते तो बारशाला फ्रिज घेऊन हजर होतो. ही जगलेल्यांची गोष्टही खरी आहे. ती कोणी सांगितलीच नाही, तर घर सोडावे की नाही या विचारात असलेल्या मुलीपुढे मुकाट्याने बोहल्यावर चढणे किंवा मरणे एवढेच दोन शेवट राहतात, आणि दोन्ही तिच्या घरच्यांच्या सोयीचे आहेत.

अर्थात हलक्याफुलक्या चित्रपटाची लबाडीही मला ठाऊक आहे. ती आडनावात असते. नायकाला 'राहुल' एवढेच नाव असते, नायिकेचे वडील फक्त 'अण्णा' असतात, आणि दोघांच्या घरातला विरोध कुठल्या तरी जुन्या बांधाच्या वादावर ढकलला जातो. 'मुंबई-पुणे-मुंबई' या २०१० सालच्या चित्रपटात दोन्ही पात्रांची नावेसुद्धा आपल्याला कळत नाहीत आणि तिथे ते शोभले, कारण दोन शहरी माणसांची, एका दिवसाच्या भटकंतीची ती गोष्ट होती. तालुक्यात ही चैन परवडत नाही. तिथे 'कुठले तुम्ही?' या प्रश्नाचा रोख गावापेक्षा घराण्याकडे अधिक असतो, आणि तो प्रश्न गाव सोडल्यावरही पाठ सोडत नाही. माझ्या ओळखीच्या तीन मुलांनी पुण्यात खोली शोधताना ठरवून टाकले होते की बोलायचे एकानेच, कारण त्याचे आडनाव घरमालकांना 'चालत' असे. उरलेले दोघे बॅगा धरून जिन्यात थांबत. खोली मिळाली. घरमालक वर्षभर त्या दोघांना 'तुम्ही त्याचे पाहुणे ना?' असे विचारत राहिला आणि ते 'हो, दोन दिवस आलोय' असे सांगत राहिले. हा प्रसंग चित्रपटात घ्यायला पैसे लागत नाहीत. तो घेण्याची हिंमत मात्र त्यालाच होते, ज्याला ठाऊक असते की समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक कधी ना कधी त्या जिन्यात उभे होते.

पैशांचा मुद्दा इथेच येतो. कमी खर्चाचा चित्रपट म्हणजे मोठ्या चित्रपटाची गरिबाघरची आवृत्ती, असा एक समज आहे. परदेशातले गाणे परवडले नाही म्हणून महाबळेश्वरला उरकले, अशा जातीचा. गाव सोडण्याच्या गोष्टीला तो लागू होत नाही, कारण ती आयुष्येच मुळात कमी जागेत चालतात. दहा बाय दहाची खोली, अभ्यासिकेतले पार्टिशन, एसटीची तीनची सीट, रसवंतीगृहातला बाक. डिजिटल कॅमेरे आल्यापासून या जागांत शिरून, खऱ्या उजेडात, गावच्याच माणसांना घेऊन चित्रीकरण करता येते. जयंत सोमलकर यांनी 'स्थळ' हा चित्रपट चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, अभिनयाचा अनुभव नसलेल्या स्थानिकांना घेऊन केला. पाहायला आलेल्या मंडळींपुढे पाटावर बसून तेच ते प्रश्न ऐकणाऱ्या, शिकू पाहणाऱ्या मुलीची ती गोष्ट आहे. त्याला २०२३ च्या टोरांटो महोत्सवात आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला. तो प्रेमपट नाही, आणि त्यातले हसू कडवट आहे. पण थोडक्या साधनांत गावाची नाडी सापडू शकते हे त्याने दाखवून दिले. टोरांटोच्या प्रेक्षकांनी तो पाहिला, मार्च २०२५ मध्ये तो आपल्याकडेही प्रदर्शित झाला. डोंगरगावसारख्या गावातल्या माणसाने त्यासाठी किती किलोमीटर प्रवास करायचा, हा माझा प्रश्न आहे.

मध्यंतरी असाच एक छोटा प्रेमपट मी पुण्यातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये सकाळी सव्वादहाच्या खेळाला पाहिला. आम्ही अकरा जण होतो. पुढच्या रांगेतली तीन मुले, पाठीवरच्या सॅकवरून परीक्षार्थी असावीत, खाड्यांच्या हिशोबाच्या दृश्याला इतकी हसली की पुढचे दोन संवाद ऐकू आले नाहीत. मागे बसलेले मध्यमवयीन जोडपे त्याच वेळी एकमेकांना 'खाडा म्हणजे काय?' असे विचारत होते. पुढे गावातल्या आजीचा निरोपाचा प्रसंग आला तेव्हा ते जोडपे गहिवरले आणि पुढच्या रांगेत मोबाइल उजळले. तिकिटाचे पैसे सहज देऊ शकणारा प्रेक्षक कोणता आणि त्याच्यासाठी पटकथेत आजी का घातलेली असते, हे मला त्या दिवशी कळले. लेखक-दिग्दर्शकाला खाड्यांचे दृश्य अधिक प्रिय असणार. पण वितरकाला ट्रेलरमध्ये आजी हवी असते.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. जुलै २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत मराठी चित्रपटांना राज्यात करमणूक कर माफ होता. दर्जेदार मराठी चित्रपटांना अर्थसाहाय्य मिळते. त्याचे 'अ' दर्जासाठी ४० लाख आणि 'ब' दर्जासाठी ३० लाख हे दर दीर्घकाळ चालत आले. एप्रिल २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सवाल्यांनी संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत मराठी चित्रपट दाखवलाच पाहिजे अशी घोषणा झाली, त्यावर रणे माजली, आणि शेवटी ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल होऊन प्रकरण मिटले. या सगळ्या उपायांत एक गोष्ट समान आहे: पडदा आधीपासून आहे असे गृहीत धरून ते आखलेले आहेत. ज्या गावात पडदाच नाही तिथे कोणत्या वेळेची सक्ती करणार? मल्टिप्लेक्सना सुरुवातीच्या वर्षांत करसवलत देऊन शहरांत पडदे वाढवले गेले, तेव्हा तालुक्यांतली टॉकीज एकेक करून मिटत होती आणि जत्रांतले तंबूही गुंडाळले जात होते. छोटा निर्माता अनुदान मिळवून चित्रपट पुरा करतो, मग डिजिटल प्रक्षेपणाचे शुल्क, पोस्टर आणि जाहिरात यांत हात टेकतो, आणि पुण्या-मुंबईच्या आडवेळेच्या खेळांत शुक्रवार ते गुरुवार संपून जातो. शासनाचा पैसा चित्रपट निघण्यावर खर्च होतो, दिसण्यावर होत नाही.

केरळने हे उलट्या बाजूने केले. १९७५ साली स्थापन झालेले तिथले राज्य चित्रपट विकास महामंडळ स्वतःची चित्रपटगृहे चालवते, आणि ती तिरुवनंतपुरम किंवा कोळिकोडपुरती नाहीत. चेर्तला, चित्तूर, उत्तर परवूर अशा लहान गावांतही आहेत. मल्याळममधल्या लहान गावांवरच्या गोष्टी इतक्या मोकळ्या, चेष्टेखोर आणि गावाला न भिणाऱ्या का असतात, याचे सगळे श्रेय मी या चित्रपटगृहांना देणार नाही. तिथे वाचनालये आहेत, फिल्म सोसायट्यांची जुनी चळवळ आहे. पण गावातला प्रेक्षक तिकीट काढून समोर बसणार आहे हे ठाऊक असलेला लेखक गावाविषयी वेगळे लिहितो, एवढे मला उघड दिसते. ज्याच्यावर विनोद करायचा तोच ऐकायला असेल तर विनोद नेमका होतो. तो नसेल तर बोलीतले चार शब्द वेडेवाकडे उच्चारून भागते.

आता दोन आक्षेप. पहिला मोबाइलचा: खेड्यातले पोर सगळे फोनवर पाहते, मग खुर्च्या कशाला? फोनवर पाहते हे खरे, पण प्रेमपट फोनवर पाहणे म्हणजे गोधडीत, कानात बोंडे घालून, आवाज कमी करून पाहणे. मुलगी तो पाहते हे घरात कोणाला कळत नाही, आणि तिच्यासारख्या आणखी चाळीस जणी त्याच वाक्याला हसतात हे तिलाही कळत नाही. आपल्या बापासारख्या दिसणाऱ्या बापावर भर सभागृहात हसू फुटते आणि ते चार रांगा मागे बसलेल्या कोणाच्या तरी खऱ्या बापालाही ऐकू जाते, यात जे घडते ते फोनवर घडत नाही. शिवाय ओटीटीवाले तारे नसलेला मराठी चित्रपट घेताना हात आखडताच घेतात.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. जुनी टॉकीज मुलींची कधीच नव्हती. आमच्या गावात बाल्कनीत 'फॅमिली' बसे आणि खाली जे चाले त्याला शिट्ट्या हा सभ्य शब्द झाला; कॉलेजची मुलगी मैत्रिणीबरोबर एकटी सिनेमाला गेली तर ती बातमी मध्यंतराच्या आत घरी पोहोचत असे. आणि सरकारी खुर्च्या मांडल्या तरी त्यांच्यापुढे डब केलेला दाक्षिणात्य हाणामारीपटच लागणार नाही कशावरून? दोन्ही भीती रास्त आहेत. तशीच नवी टॉकीज उभारायची असतील तर न उभारलेली बरी. माझ्या डोळ्यांपुढे मोठे चित्रपटगृह नाही. नगरपरिषदांनी बांधलेली सांस्कृतिक भवने आणि नाट्यगृहे अनेक तालुक्यांत आहेत. त्यांतली काही वर्षातून दहा दिवस, सत्कार आणि स्नेहसंमेलने यांपुरती उघडतात. त्यांतलाच एखादा लहान हॉल, चांगला प्रक्षेपक, नीट ध्वनी, स्वच्छ आणि कडी लागणारी स्वच्छतागृहे, आणि आठवड्यातले ठरावीक खेळ मराठी छोट्या चित्रपटांसाठी राखलेले, एवढ्याने सुरुवात होते. तिकीट शंभर रुपयांच्या आत ठेवले तर जीएसटीही सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्केच आहे. अर्थसाहाय्याचा काही भाग निर्मात्याला दर्जाच्या शिक्क्यावर देण्याऐवजी अशा पडद्यांवर विकल्या गेलेल्या तिकिटांमागे द्यावा. म्हणजे चेर्तलासारखे आपल्याकडेही कोणी तरी मोजेल, की चित्रपट औसा, अकोले किंवा ब्रह्मपुरीत किती जणांनी पाहिला.

वेळेचा प्रश्न राहतो, आणि तो २०१५ मधल्या वादात कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. तालुक्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या बहुतेक मुली आसपासच्या खेड्यांतून एसटीने येतात. ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना बारावीपर्यंत मोफत पास आहे, आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे येण्याजाण्याचा खर्च आता अडवत नाही. अडवते ती गाडीची वेळ. आमच्याकडे खेड्यांकडे जाणाऱ्या शेवटच्या गाड्या साडेपाच ते सहाच्या दरम्यान सुटतात. नंतरची मुक्कामी गाडी रात्री साडेआठची, आणि तिने कोणी मुलीला पाठवत नाही. म्हणजे पुण्या-मुंबईत ज्याला प्राइम टाइम म्हणतात त्या वेळेला आमचे बसस्थानक रिकामे होत आलेले असते. तिथला खेळ दुपारी अडीचला सुरू होऊन पावणेपाचला सुटला पाहिजे, म्हणजे चहा पिऊन, चित्रपटातल्या पोरीने शेवटी केले ते बरोबर की चूक यावर भांडून गाडी धरायला पाऊण तास हाती राहतो.